दावेदार रस्त्यात आहे

१

अमरावतीच्या राजापेठेत माझं ऑनलाइन सेंटर आहे. एका बाजूला टायपिंगचा क्लास, दुसऱ्या बाजूला कूलरच्या वाळ्याच्या ताट्या विकणारा, आणि मधे दहा फुटांच्या गाळ्यात मी, दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. शाळेचे फॉर्म, जातीचे दाखले, आधारचे पत्ते ही माझी रोजची कामं. गेल्या दोन वर्षांत त्यात फुकटच्या टोकनांची भर पडली. कुठलीतरी न पाहिलेली कंपनी स्वतःचं डिजिटल नाणं काढते आणि नाव व्हावं म्हणून लोकांना ते थोडं थोडं फुकट वाटते. ते घ्यायला एका पानावर जाऊन 'क्लेम'चं बटण दाबायचं असतं. तो क्लेम पहिल्या फटक्यात कधीच होत नाही, आणि मग लोक माझ्याकडे येतात.

बडनेऱ्याचे देवमनजी आले ते तर सिलिंडरचं पुस्तक घेऊन. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, कपडे इस्त्रीचे. त्यांच्या मोबाइलवर 'गॅस अपुरा आहे' असं आलं होतं.

"परवाच तं भरलेलं सिलिंडर आलं," ते म्हणाले. "अपुरा कसा?"

नेटवर्कच्या फीला तिकडे गॅस म्हणतात हे समजवायला मला अर्धा तास लागला. तरी ते माझ्याकडे संशयानेच पाहत राहिले. मला ते आवडलं. शंकेखोर माणसांवर माझा जीव आहे, कारण मी स्वतः त्यातलाच. बायको म्हणते की मी देवळातल्या तीर्थाचाही वास घेऊन पाहतो.

या कामात माझी पद्धत एकच. समोरचा काय मागतो ते शोधायचं. कोणी वॉलेटचे, म्हणजे टोकनं ठेवायच्या मोबाइलमधल्या पाकिटाचे, बारा गुप्त शब्द मागतो, कोणी ओटीपी, कोणी फोटो. फुकट देणारा कुठेतरी काहीतरी मागतोच, आणि मागितलेली वस्तू सापडली की बिघाडही सापडतो.

दिवसभर मान कीबोर्डात असते. काम झालं की गिऱ्हाईक दारातून म्हणतं, "येतो." माझं तोंड म्हणतं, "या." मान वर होत नाही, कोण गेलं तेही कळत नाही. अठरा वर्षांत ते 'या' माझ्या तोंडाचं झालंय, माझं राहिलेलं नाही.

माझ्या आईचं तर विचारूच नका. पार्बताबाई, वय अडुसष्ट, अकोल्याला एकटी राहते. ती बँकेच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजालाही "या मंग" म्हणून फोन ठेवते. मी खूप चिडवलं, पण तिचं उत्तर ठरलेलं. जाणाऱ्याला काय 'जा' म्हणायचं?

त्या दिवशी दुपारी दीडला, रोजच्यासारखा, तिचा फोन आला.

"भगवंता, त्या टोकनाचं बटन अजून दबून नाई राहिलं."

"कोणतं टोकन माय?"

"फुकटचं. शेजारच्या प्रणालीनं भरून देल्लं होतं ना मले, तिच्या संगं."

"त्याले हात लावू नको. मी रविवारी येतो."

"मी कायले लावू हात? तो सांगून राहिला ना, रस्त्यात हाये म्हने. वाट पाहा म्हने."

"कोण सांगून राहिला?"

"मदतवाला," आई म्हणाली.

समोर तीन गिऱ्हाइकं उभी होती. मी "ठेवतो" म्हणून फोन ठेवला. ती पुढे "ये बापा" म्हणते हे मला माहीत आहे. पण ते शेवटपर्यंत ऐकल्याचं मला आठवत नाही.

२

रविवारी सकाळच्या गाडीने अकोल्याला गेलो. आईचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढे तीन पायऱ्या आणि पत्र्याचं दार. दाराखाली चार बोटांची फट आहे. धूळ आणि उंदीर येऊ नयेत म्हणून आई तिथे पोतं गुंडाळून लावते. मे महिना होता. खोलीत कूलर इतका घोंघावत होता की बोलायचं तर ओरडावं लागे.

आत गेल्यावर आधी दिसली ती खुर्ची. बाबांची लाकडी खुर्ची, जी पलंगामागे कपडे टाकायला असायची, ती पुसून दारासमोर ठेवली होती. बैठकीवर धुतलेला टॉवेल होता. शेजारी स्टुलावर पाण्याचा पेला आणि त्यावर झाकण.

"कोणी आलं होतं?"

"नाई. येनार हाये," ती तूरडाळ निवडत म्हणाली, आणि तिने विषय बदलला. प्रणालीच्या मामाकडे लग्न होतं, ते सगळे महिनाभर गावी गेले होते. पलीकडच्या घराला आधीपासून कुलूप. म्हणजे त्या ओळीत आई एकटीच होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मी तिचा मोबाइल घेऊन खुर्चीवर बसू लागलो.

"तिथं नको बसू," आई म्हणाली.

मी पलंगावर बसलो. वॉलेट उघडलं, सगळं तपासलं. बारा शब्द तिने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले होते आणि कोणाला दिले नव्हते. ओटीपी गेलेला नव्हता. कुठलीही परवानगी दिलेली नव्हती, कॅमेऱ्याचीसुद्धा नाही. टोकनाच्या पानाने तिच्याकडे काहीच मागितलं नव्हतं.

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट मी पान पुन्हा वरपासून तपासलं. अठरा वर्षांत काहीच न मागणारं पान मी पाहिलं नव्हतं.

पानावर एक करडं बटण होतं आणि वर एक ओळ: 'दावा मंजूर. दावेदार रस्त्यात आहे.' खाली बारीक अक्षरात, आमच्या अमरावतीच्याही पलीकडच्या गावाचं नाव: 'चांदूर'.

भाषांतराचा घोळ असेल, मी स्वतःला समजावलं. क्लेमचं झालं दावा. टोकन पाठवलंय, ते रस्त्यात आहे, असं म्हणायचं असेल. पण मग रस्त्यात दावा असायला हवा. दावेदार म्हणजे क्लेम करणारी माझी आई, आणि ती माझ्यासमोर बसून डाळीतले खडे काढत होती.

३

मदतीच्या खिडकीत तिचं सगळं बोलणं जमा होतं. तिला टाइप करता येत नाही. ती माइक दाबून बोलते आणि मोबाइल लिहून घेतो. मी पहिल्या दिवसापासून वाचायला घेतलं.

'आपले स्वागत आहे. आपणास कोणत्या प्रकारचे सहाय्य हवे आहे?'

'बटन दबत नाही भाऊ.'

'गैरसोयीबद्दल क्षमस्व. तपासणी सुरू आहे. संभाषण समाप्त करायचे आहे का?'

'हो बापा, भाजी लागून राहिली खाली. या मंग.'

इथवर ठीक होतं. अशी मशीनची उत्तरं मी रोज वाचतो. त्यानंतर एकोणीस मिनिटं काही नव्हतं. मग एकच शब्द आला होता.

'कुठे?'

आईला गंमत वाटली असावी. तिने सांगितलं होतं, 'घरी, अजून कुठं. अकोल्याले.' आणि पुढे घराचा पूर्ण पत्ता, देवळाच्या खुणेसकट.

पुन्हा बराच वेळ काही नाही. मग: 'येतो.'

पानावरची 'दावेदार रस्त्यात आहे' ही ओळ त्याच तारखेची होती.

पुढचे आठ दिवस रोजचं बोलणं होतं, आणि रोज मदतवाल्याची भाषा थोडी थोडी आमच्यासारखी होत गेली होती. 'जेवल्या का?' दोन दिवसांनी 'जेवल्या काय?' मग 'ऊन लय हाये, पानी पेत जा.' मधेमधे प्रश्न. दाराला पायऱ्या किती? दार आत उघडते का बाहेर? घरी अजून कोण असते?

'मी एकलीच,' आईने सांगितलं होतं. 'पोरगा अमरावतीले राहते. त्याले टाइम नसते.'

ती ओळ मी दोनदा वाचली. मला राग आला, आणि तो मदतवाल्यावर नव्हता.

प्रत्येक दिवसाच्या शेवटी आईचं 'या मंग' आणि त्याचं 'येतो'.

"माय, हे चोर हायेत," मी कूलरच्या वरताण ओरडलो. "दार, पायऱ्या, कोण घरी असते. काहून सांगितलं त्याहीले?"

"चोर कोनाले जेवली काय म्हनून इचारते काय?" आई शांतपणे म्हणाली. "तू कधी इचारलं होतं शेवटचं?"

मी मान मोबाइलमध्ये घातली. खातं बंद करायला गेलो तर लाल अक्षरात आलं: 'बोलावणे चालू असताना खाते बंद होत नाही.' मी मोबाइलच खिशात घातला, तिला माझा जुना बटणांचा फोन दिला, दाराला आतून नवीन कडी लावून दिली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

४

सोमवारी दुपारी दुकानात आईचा मोबाइल सहज पाहिला. 'चांदूर'च्या जागी 'बडनेरा' होतं.

बरोबरच आहे, मी म्हटलं. मोबाइल माझ्याजवळ आहे, बडनेरा इथून हाकेच्या अंतरावर. पान मोबाइलची जागा दाखवतंय, एवढंच. मी पाहुणचार म्हणून स्वतःला एक चहा सांगितला.

मंगळवारी तिथे 'कुरूम' आलं. मोबाइल रात्रभर दुकानाच्या ड्रॉवरमध्ये होता, कुलपात. कुरूम हे बडनेऱ्याच्या पुढचं स्टेशन, अकोल्याच्या बाजूला. गाडीने अर्ध्या तासाचा रस्ता. त्याला एक दिवस लागला होता. मी हिशोब केला आणि तो बरोबर आला याचंच वाईट वाटलं. तो पायी चालणाऱ्या माणसाचा वेग होता.

त्याच दिवशी देवमनजी आले. त्यांचा गॅस अजून अपुराच होता. मी पान उघडत होतो तेव्हा ते आपणहून बोलायला लागले.

"काल दुपारी एक जन दारात येऊन उभा राहिला," ते म्हणाले. "पाठमोरा."

"म्हणजे?"

"म्हंजे पाठ आमच्या दाराकडं अन् तोंड रस्त्याकडं. तसंच उभं राहून पानी मांगून राहिला. अकोल्याचा रस्ता पुसला. मी म्हनलं, तोंड तं दाखव भाऊ. तं दाखवलं नाई. असं पाठ करून कोनी पानी मांगते काय?"

"मग दिलं तुम्ही?"

"मी कायले देतो? मले शंका आली. मंग म्हने, येतो. मी काहीच म्हनलं नाई. गप उभा राहिलो. तोही उभाच राहिला, लय वेळ. कायची वाट पाहून राहिला होता कोन जाने. मंग गेला."

"पायांत काय होतं?"

हे मी का विचारलं ते मला सांगता येणार नाही.

"काही नाई," देवमनजी म्हणाले. "एवढ्या उन्हात डांबरावर उघड्या पायानं. अन् टाचाही पोळलेल्या नव्हत्या."

त्यांचं काम झालं. दारातून ते म्हणाले, "येतो." मी म्हणालो, "या." ते गेल्यावर मी ड्रॉवर उघडून आईच्या मोबाइलवरचं गावाचं नाव पुन्हा पाहिलं.

५

बुधवारी 'मूर्तिजापूर' आलं आणि मी मदतीची खिडकी उघडली.

पोलिसांत जायचं मनात होतं. पण तिथला माणूस पहिला प्रश्न विचारणार, गेलं काय? काहीच गेलं नव्हतं. एक शब्द तेवढा गेला होता, आणि तो आईने राजीखुशीने दिला होता.

मी लिहिलं, 'दावा रद्द करायचा आहे.'

उत्तर लगेच आलं. 'होतो. ज्यानं बोलावलं त्यानं नको म्हणावं.'

'लिहून चालेल?'

'तोंडानं. त्याहीच्याच तोंडानं.'

'काय म्हणायचं?'

'येऊ नका.'

इतका सोपा उपाय मला या धंद्यात कधी मिळाला नव्हता. म्हणूनच शंका आली. मी विचारलं, 'टोकन कोणाला मिळतं?'

'दावेदाराले.'

'आणि टोकन कुठलं?'

खिडकीत तीन ठिपके हलत राहिले. टायपिंगच्या क्लासातला खडखडाट थांबला, सुटी झाली असावी. मग उत्तर आलं.

'पार्बताबाई.'

मी पद्धत म्हणून शोधत होतो ते समोर होतं. त्याने सुरुवातीपासून काय मागितलं ते मला आता कळलं होतं. त्याने मागितलंच नव्हतं, आईनेच 'या' म्हणून देऊन टाकलं होतं. फुकट वाटायचं टोकन म्हणजे आईच होती, आणि घेणारा चालत निघाला होता.

खिडकी बंद करायला अंगठा नेला तेव्हा दिसलं की मी खाली 'येतो' असं टाइप केलेलं आहे. पाठवलं नव्हतं. मी एकेक अक्षर पुसलं, आणि वेळेवर लक्षात आलं म्हणून स्वतःची पाठही थोपटली.

६

गुरुवारी 'बोरगाव'. तिथून अकोला एका दिवसाच्या चालीवर. मी सकाळीच आईला फोन लावला.

"माय, आजच्या आज अमरावतीले ये. मी गाडी करून देतो."

"आज नाई जमत. पावना येऊन राहिला."

माझा आवाज चढला. "कोण पाहुणा? त्याचं नाव माहीत आहे तुले? तोंड पाहिलंस?"

"बोलावल्यावर घर बंद करून पळू काय मी?" आई म्हणाली. "तुह्या बाबाच्या राज्यात असं कधी झालं नाई."

"बरं, मग एक काम कर. मी मोबाइल घेऊन येतो. त्यात फक्त म्हण, येऊ नका. दोन शब्द."

 कूलरचा आवाज येत होता, म्हणून फोन चालू आहे हे कळत होतं.

"मले नाई म्हनता येत ते," शेवटी ती म्हणाली. "जलमात नाई म्हनलं कोनाले. कसं म्हनतेत ते तरी माहीत हाये काय मले?"

मी चिडून "ठेवतो" म्हणालो. मग पहिल्यांदाच कान लावून थांबलो.

"ये बापा," आई म्हणाली. ती ते फोन ठेवल्यानंतर म्हणावं तसं हळू म्हणाली. तिला सवय झाली होती, की पलीकडे कोणी नसतं.

७

शुक्रवारी सकाळी निघायला उशीर झाला आणि रेल्वेही चुकली, म्हणून एसटीने गेलो. बोरगावपासून पुढे मी खिडकीतून रस्त्याच्या कडेने चालणारं कोणी दिसतं का ते पाहत होतो. त्या उन्हात कोणीही चालत नव्हतं. आईचा मोबाइल हातात होता. अकोल्याच्या नाक्यावर खालची जागा बदलली. गावाचं नाव गेलं आणि तिथे आईच्या गल्लीचं नाव आलं.

रिक्षा केली. गल्लीत शिरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. तिन्ही पायऱ्या धुतलेल्या होत्या आणि वाळल्या होत्या. वर कोणी नव्हतं. आईने दार उघडलं, मी आत शिरून कडी घातली. दाराखालचं पोतं तिने काढून कोपऱ्यात घडी करून ठेवलं होतं.

"धूळ येईन, येऊ दे," ती म्हणाली. "पावन्याच्या पायात आलं असतं."

घरात पातोडीच्या रश्शाचा वास होता. ती पातोडी करते तेव्हा बाहेरचं माणूस येणार असतं. खुर्चीपुढे पाट मांडला होता आणि पाटासमोर ताट. एकच ताट होतं. मी येतोय हे मी तिला सांगितलं होतं, पण माझं ताट काढायचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी मोबाइल तिच्यापुढे धरला. ती मान हलवत राहिली. मी समजावलं, रागावलो, देवमनजींची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, असेल बिचाऱ्याले काही कमी, म्हणून तोंड दाखवत नसेल. माझ्याकडे शहाणपणाचं काही उरलं नाही.

"माय," मी म्हणालो, "मले भीती वाटून राहिली."

हे मी तिला शाळेत असताना शेवटचं म्हटलं असेन. ती थांबली. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप पाहतात तसा.

"तुले भेव वाटते?"

"हो. लय."

"मंग काहून नाई सांगतलं आधी?" ती म्हणाली. तिने मोबाइल हातात घेतला, माइक दाबला, पदर सारखा केला आणि खाली पाहत म्हणाली, "भाऊ, मापी करजा. येऊ नका." म्हणताना तिचा चेहरा शरमेने उतरला. तिने मोबाइल मला देऊन टाकला.

स्क्रीनवर आलं: 'नकार नोंदवला. दावा रद्द होत आहे.' मला बसावंसं वाटलं, पण खुर्चीवर बसवेना. खाली आणखी एक ओळ उमटली.

'एक पायरी बाकी: निरोप.'

तेवढ्यात वीज गेली. कूलर घरघरत थांबला, आणि घर एकदम उघडं पडल्यासारखं शांत झालं. बाहेर उन्हात काहीही हलत नव्हतं. मी दाराकडे पाहिलं. मघा फटीतून उन्हाची सरळ पट्टी आत येत होती. आता ती पट्टी दोन ठिकाणी तुटली होती.

मी वाकलो. दोन टाचा होत्या. उघड्या, दाराला अगदी टेकलेल्या, काळ्या मातीने माखलेल्या. पाठ आमच्याकडे, तोंड रस्त्याकडे. निघालेल्या माणसासारखा तो उभा होता.

"येतो मंग," बाहेरून कोणीतरी म्हणालं.

त्या आवाजात धमकी नव्हती. फार लांबून आलेल्या आणि तसंच परत निघालेल्या माणसाचा थकलेला, मर्यादशील आवाज होता तो. आईचे ओठ उघडताना मला दिसले. मी झडप घालून तिच्या तोंडावर तळहात दाबला. तिने डोळे मोठे केले, पण माझा हात झटकला नाही.

देवमनजी गप राहिले होते. गप राहायचं, एवढंच करायचं होतं.

आम्ही उभे राहिलो. तिचा गरम श्वास माझ्या हातावर येत होता. माठातून एक थेंब खालच्या थाळीत पडला, मग आणखी एक. टाचा हलल्या नाहीत.  कितीतरी वेळाने उजवी टाच उचलली गेली. मग डावी. पट्टी पुन्हा सरळ झाली. पहिल्या पायरीवर पाऊल वाजलं, मग दुसऱ्या.

तो जात होता. आई वाचली होती. मी तिच्या तोंडावरचा हात काढला. मोबाइल हातात होता, मान खाली घालून मी स्क्रीनवर ती शेवटची ओळ गेली का ते पाहायला लागलो.

"येतो," तिसऱ्या पायरीवरून आवाज आला, जाता जाता म्हणावा तसा.

"या," मी म्हणालो.

आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या आधी तिला कळलं होतं. ती रागावली नाही. तिने फक्त डोक्यावरचा पदर सावरला आणि पेल्यावरचं झाकण काढून ठेवलं.

पायऱ्यांवर पावलं परत वाजली, तीन. दाराखालची उन्हाची पट्टी पुन्हा दोन ठिकाणी तुटली. या वेळी फटीत पायांची बोटं होती.